स्कॅन झालं की कागद रद्दीत घालायचा का?

पत्राचा सारांश

कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी, 'ब' वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात सहायक ग्रंथपाल असलेल्या 27 वर्षांच्या एका वाचकांचं हे पत्र आहे. ग्रंथालयशास्त्राची पदवी आहे, पण अभिलेखांचं प्रशिक्षण नाही. वाचनालयाच्या माडीवर एक गळकी खोली आहे. तिथे एका घराण्याने दिलेले मोडी कागदांचे 6 रुमाल (फडक्यात बांधलेले गठ्ठे), 1930 ते 1960 या काळातली बांधीव मासिकं, गावातून निघणाऱ्या एका साप्ताहिकाच्या फायली, जुनी इतिवृत्तं, व्याख्यानमालेच्या 40 कॅसेट आणि वाचनालयाच्याच 1997 ते 2008 मधल्या दिवाळी अंकांच्या फ्लॉपी आणि सीडी आहेत. पानं सगळी मिळून 20,000 च्या घरात. एका देणगीदाराने 1 लाख रुपये दिले आणि कार्यकारिणीने ठरवलं की वर्षभरात सगळं स्कॅन करायचं, कागद रद्दीला द्यायचा आणि खोलीत अभ्यासिका सुरू करायची. सुरुवात मोडी रुमालांपासून, कारण ते सर्वांत जुने. सीडींची काळजी कुणालाच नाही, त्या तर 'आधीच डिजिटल'. वाचक विचारतात: "मी काहीच शिकलेली नाही, हातून चुकीचं झालं तर? नोकरी सोडून दिल्लीला वर्षाचा अभ्यासक्रम करून यावं का? पण तोवर खोली रिकामी झालेली असेल."

उत्तर

तुमच्या कार्यकारिणीने दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत आणि तुम्ही एक. जे सर्वांत जुनं ते सर्वांत धोक्यात, आणि स्कॅन झालं म्हणजे जतन झालं, या त्यांच्या. आधी पूर्ण शिकायचं आणि मग कामाला हात लावायचा, ही तुमची. तिन्ही तपासून बघूया, कारण अशी खोली महाराष्ट्रातल्या कितीतरी वाचनालयांत आहे.

मोडी रुमालांतले कागद बहुधा हातकागद असतील आणि शाई काजळीची. काजळीचा कार्बन उजेडाने उडत नाही आणि कागदही खात नाही. शाई डिंकात बांधलेली असते, म्हणून पाणी लागलं की ओघळते. त्यामुळे या कागदांचे शत्रू तीन: गळकं छप्पर, वाळवी आणि कसर. छप्पर दुरुस्त करून घ्या, रुमाल भिंतीपासून हातभर दूर आणि जमिनीपासून वीतभर उंच ठेवा, जुनं फडकं धुऊन पूर्ण वाळवा किंवा नवीन मांजरपाट वापरा. एवढ्यावर ते आणखी 5 वर्षं खुशाल वाट बघतील. मात्र रुमाल सोडाल तेव्हा आतला क्रम मोडू नका. कागद तारखेवार लावायचा मोह होतो, पण कोणता कागद कोणाच्या शेजारी ठेवला होता, यावरूनच पुढच्या अभ्यासकाला दप्तर कसं चालत होतं ते कळतं. काढाल त्या क्रमाने पेन्सिलीने आकडा घाला, तोही कोपऱ्यात आणि हलक्या हाताने.

साप्ताहिकाचं तसं नाही. न्यूजप्रिंटमध्ये लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन असतं, हवा-उजेडाने आम्ल वाढत जातं आणि कागद घडीवर मोडतो. पान उलटलं की कडेचा भुगा पडतो, तो भुगा म्हणजे मजकूरच. इथे स्कॅनिंगला खरोखर घाई आहे. शिवाय मुंबई-पुण्याची मासिकं इतर ग्रंथालयांतही असू शकतात. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या संस्थांच्या याद्यांशी आधी ताडून बघा. गावचं साप्ताहिक मात्र कदाचित फक्त तुमच्याकडेच आहे. ज्याची दुसरी प्रत नाही ते आधी, हा निकष वयापेक्षा मोलाचा आहे.

आणि सगळ्यांच्याही आधी त्या फ्लॉपी आणि सीडी. हे वाचून तुमचे कार्यवाह चमकतील, पण 2002 सालची घरी लिहिलेली सीडी ही त्या खोलीतली सर्वांत नाजूक वस्तू आहे. तिच्यातली नोंद एका रंगद्रव्याच्या थरात असते आणि चकचकीत थर वरच्या बाजूला, लेबलच्या लगेच खाली, फक्त वार्निशच्या पापुद्र्याने झाकलेला. वर चिकटवलेलं लेबल उचकटलं तर तो थर सोबत निघून येतो, बॉलपेनने दाबून लिहिलं तर त्याला चरा पडतो. म्हणून लेबल काढायला जाऊ नका. बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह आणि 3.5 इंची फ्लॉपीचा यूएसबी ड्राइव्ह घ्या. मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून नको. मग नुसत्या फायली न ओढता अख्ख्या सीडीची आयएसओ प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी एकच फाइल, करा. एखादी वाचताना अडली तर तिच्यावर तास घालवू नका, दुसऱ्या संगणकाच्या ड्राइव्हमध्ये लावून बघा. एका ड्राइव्हला न जमलेली चकती दुसरा पुष्कळदा वाचतो.

सीडी वाचली गेली तरी अर्धंच काम झालं, आणि या ठिकाणी मराठी सामग्रीचा स्वतःचा असा एक धोका आहे. त्या काळचे अंक बहुधा पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएम अशा मराठी पॅकेजच्या फाँटमध्ये जुळवलेले असणार. अशा फायलीत मराठी अक्षरं साठवलेलीच नसतात. साठवलेले असतात इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेत, आणि फाँट त्यांच्या जागी काना, वेलांटी, अर्धा व असे तुकडे दाखवतो. फाँट हरवला की उरते ती निरर्थक चिन्हांची रांग. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, 7.0, 2001 मध्ये आली. त्याच्या जागी आलेलं इनडिझाइन त्या फायली सीएस6 पर्यंत उघडत असे, पुढच्या आवृत्त्या उघडत नाहीत. म्हणून या आठवड्यातच, तेव्हा तुमचा अंक जुळवणाऱ्या डीटीपीवाल्यांना गाठा. त्यांच्याकडे अजून जुना विंडोज एक्सपीचा संगणक आणि ते पॅकेज असेल, तर तो भंगारात जाण्याआधी तुमचं काम तिथे उरकून घ्या. पॅकेजला हार्डवेअर लॉक, म्हणजे संगणकाला लावायची कुलपासारखी चावी, असेल तर फाँट तुमच्या संगणकावर उतरवून भागत नाही, त्यांच्याच यंत्रावर बसावं लागतं.

प्रत्येक अंकाच्या चार गोष्टी जपा. मूळ पेजमेकर फाइल, हात न लावलेली. तिच्यासोबत फाँटची फाइल आणि एका साध्या टेक्स्ट फायलीत फाँटचं नेमकं नाव आणि पॅकेजची आवृत्ती, कारण एकाच कंपनीच्या दोन फाँट-मालिकांत संकेतांची मांडणी निराळी असू शकते. तिसरी, फाँट आत बसवून केलेली पीडीएफ. ही डोळ्यांना बरोबर दिसेल, पण तिच्यात शब्द शोधायला गेलात तर सापडणार नाही, कारण आत अजून तीच चिन्हं आहेत. म्हणून चौथी, युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःचे संकेत देणाऱ्या पद्धतीत, बदललेला मजकूर, यूटीएफ-8 म्हणून साठवलेला.

परिवर्तक, म्हणजे जुन्या फाँटचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारं साधन, चालवला की झालं, असं समजू नका. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठते. रफार तिकडे अक्षरानंतर येतो, इकडे 'र्' अक्षराच्या आधी. परिवर्तक ही उलटापालट नियमांनी करतो आणि जोडाक्षर आलं की अडखळतो. मराठीत सर्वांत जास्त मार बसतो तो 'ऱ्य'ला. 'आचाऱ्यांना बोलावलं' याचं 'आचार्यांना बोलावलं' होतं, वाक्य शुद्ध दिसतं आणि स्वयंपाक्याच्या जागी गुरुजी येऊन बसतात. अशी चूक यंत्राला सापडत नाही. प्रत्येक अंकातली 5 पानं छापील प्रतीशी ताडून वाचा आणि रफार, ऱ्य, ऱ्ह, ट्र, द्ध, ऋ यांवर लक्ष ठेवा. 'ॲ'चंही बघा. हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये 2008 मध्ये आलं, त्याआधीचा मजकूर अ आणि चंद्र जोडून लिहिलेला असतो. दिसायला दोन्ही एकच, पण शोधताना 'ॲड.' टाकलं की अर्धे वकील मिळत नाहीत. एक रूप ठरवा आणि सगळीकडे तेच करा. हे काम तुमच्याइतकं चांगलं मराठी येणाऱ्या माणसानेच करावं असं आहे आणि त्यासाठी पदविका लागत नाही.

कॅसेटचा दुसरा नंबर. आधी वरच्या कडेचे दोन्ही छोटे दात मोडा, म्हणजे चुकून रेकॉर्ड दाबलं तरी आवाज पुसला जाणार नाही. आतली फेल्टची बारीक गादी पडलेली असेल तर फीत स्क्रूवाल्या नव्या कवचात घ्या. डेकचं हेड कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपाइल अल्कोहोल घेऊन पुसा. फीत एकदा शेवटपर्यंत नेऊन परत आणा, म्हणजे ताण सारखा होईल. डेकच्या लाइन-आउटमधून संगणकाच्या लाइन-इनमध्ये वायर द्या, माइकच्या खाचेत नको, तिथे आवाज फुटतो. डब्ल्यूएव्ही फाइल, 96 किलोहर्ट्झ आणि 24 बिट. स्टिरिओचा एक तास जवळपास 2 जीबी होतो. खरखर काढण्याचा कोणताही फिल्टर मूळ प्रतीवर चालवू नका, तो ऐकण्याच्या प्रतीवर चालवा. प्रत्येक कॅसेट 90 मिनिटांची धरली तर 40 कॅसेटना 60 तास लागतात आणि त्यात घाई करताच येत नाही.

आता हिशेब. ए-4 पान 400 पीपीआयने (इंचाला 400 पिक्सेल), रंगीत, फाइल न आकसवता टिफ या प्रकारात घेतलं तर 46 एमबी होतं. 20,000 पानं म्हणजे साधारण 920 जीबी. साठवणुकीला हे जड नाही. जड आहे तो वेळ. फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट काचेच्या स्कॅनरवर, नाजूक कागद जपून ठेवत तासाला 40 ते 50 पानं होतात, म्हणजे निव्वळ स्कॅनिंगला 400 ते 500 तास. नावं देणं, तपासणं आणि नोंदी करणं याला किमान तेवढेच आणखी धरा. देवघेव सांभाळून तुम्हाला रोज 2 तास मिळत असतील, तर एका वर्षात हे बसत नाही. हा आकडा कार्यकारिणीपुढे कागदावर मांडा. 'वर्षात होणार नाही' असं नुसतं तोंडी सांगितलंत तर ती तुमची कुरकुर वाटेल.

फोनच्या स्कॅनिंग ॲपने हा वेळ वाचवायचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. ही ॲप पान पांढरंशुभ्र करतात. पांढरं करताना पेन्सिलीच्या नोंदी, फिका शिक्का, कागदाचा पोत आणि डागही पुसून टाकतात, आणि पान सरळ करायच्या नादात कडा कापतात. कुणाला व्हॉट्सॲपवर पान पाठवायला ती ठीक आहेत, मूळ प्रतीसाठी नकोत. सुटे कागद फ्लॅटबेडवर, बांधीव खंड कॅमेऱ्याखाली. खंड सपाट दाबून शिवण मोडू नका, दोन्ही बाजूंना उशा देऊन जेवढा उघडतो तेवढाच उघडा. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची लांब बाजू 6000 पिक्सेलची असते. वर्तमानपत्राचं मोठं पान 22 इंच उंच असेल तर 272 पीपीआयच मिळतात, म्हणून असं पान दोन भागांत घ्या. दोन्ही बाजूंनी 45 अंशांत दिवे, शटरला टायमर आणि पानाखाली काळा कागद, म्हणजे मागच्या बाजूची छपाई झिरपून दिसणार नाही. प्रत्येक खंडाच्या पहिल्या चित्रात मोजपट्टी ठेवा.

फायलींची नावं इंग्रजी लहान अक्षरं, आकडे आणि आडव्या रेघांत ठेवा: साप्ताहिकाची आद्याक्षरं, मग 1938-07-12, मग पान 003. पुढची शून्यं सोडलीत तर 10 वं पान दुसऱ्याच्या आधी येऊन बसतं. नोंदी एक्सेलमध्ये मराठीतच करा. तिथून बाहेर काढताना 'सीएसव्ही यूटीएफ-8' हाच पर्याय निवडा. साध्या सीएसव्हीत सगळं देवनागरी प्रश्नचिन्हं होऊन जातं आणि ते तेव्हा लक्षात येत नाही, वर्षाने येतं.

एवढं झालं तरी जतन सुरू झालेलं नसतं. हार्ड डिस्क 4-5 वर्षांत बदलायचीच वस्तू आहे आणि फाइल बिघडते तेव्हा आवाज होत नाही. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि एक प्रत गावाबाहेर. दोन डिस्क वेगवेगळ्या कंपन्यांच्या घ्या, एकाच खेपेतला दोष दोन्हींत नको. तिसरी प्रत क्लाउडवर ठेवाल तर खातं वाचनालयाच्या नावाचं असू द्या, कार्यवाहांच्या खासगी ईमेलवर नको. पेनड्राइव्ह नेआण करण्यापुरता, साठवणुकीला मुळीच नाही. प्रत केली की चेकसम काढा. सेव्हन-झिप संगणकावर असेल तर फायलीवर उजवं क्लिक करून एसएचए-256 निवडा, 64 अक्षरांची एक ओळ मिळते. फायलीतला एक बिट जरी बदलला तरी ती ओळ पूर्ण पालटते. हजारो फायलींसाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसचं बॅगर हे मोफत साधन आहे. ते फायली एका पेटीसारख्या फोल्डरमध्ये ठेवून प्रत्येकीची अशी ओळ यादीत लिहितं आणि पुढे कधीही यादीशी ताडून बघतं. दर 6 महिन्यांनी ही तपासणी करा, 2 जून आणि 2 डिसेंबर अशा तारखा नोटीस बोर्डावरच लावा. एका डिस्कवरची फाइल बिघडलेली निघाली तर दुसरीवरून परत घेता येते, मात्र बिघडल्याचं वेळेत कळलं पाहिजे.

रद्दीच्या प्रश्नावर माझं मत स्पष्ट आहे. स्कॅन चुकतो, एखादं पान सुटतं, डिस्क जाते, तेव्हा परत जायला कागदच हवा. कायद्याचीही एक बाजू तुमच्या उपयोगाची आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 मध्ये झालेल्या दुरुस्तीने बिनव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत साठवायची मुभा मिळाली, पण ती ग्रंथालयाकडे आधीच कागदी प्रत असलेल्या कृतींसाठी. म्हणजे सवलतीचा आधारच तो कागद आहे. आणि साठवणं निराळं, इंटरनेटवर टाकणं निराळं. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क चालतो, त्यामुळे 1950 च्या अंकातली कथाही अजून संरक्षित असू शकते. तुमच्या दिवाळी अंकातल्या लेखकांना मात्र एक पत्र लिहून परवानगी मागता येईल. इतिवृत्तांत सभासदांचे पत्ते आणि थकबाक्या असतील तर तीही पानं सर्वांसाठी खुली करू नका.

अभ्यासिकेचं म्हणणं खोटं नाही, मुलांना जागा हवीच. 20,000 पानांना नीट रचल्यावर दोन पोलादी कपाटं पुरावीत, अख्खी खोली लागत नाही. टाचण्या आणि स्टेपल काढा, गंजाने कागदाला भोकं पडतात. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन करू नका. डांबरगोळ्या घालू नका, त्यांचा वास माणसालाच बाधतो. आत एक साधा आर्द्रतामापक ठेवा. काटा 65 टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी येते आणि कोकणात पावसाळाभर तो वरच असतो. म्हणून जून ते सप्टेंबर कपाटं न उघडता सीडी, कॅसेट आणि याद्यांची कामं करा, कागदाचं काम दिवाळीनंतर.

राहिला दिल्लीचा प्रश्न. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या स्कूल ऑफ आर्काइव्हल स्टडीजमध्ये वर्षभराची पदविका आहे आणि काही आठवड्यांचे छोटे अभ्यासक्रमही असतात. पदविका चांगली आहे आणि तुम्ही ती कधीतरी करावी. आत्ता नको. हातात खरी सामग्री असताना शिकलेलं डोक्यात बसतं, आणि आत्ता तुम्ही गेलात तर त्या खोलीच्या बाजूने बोलणारं कुणी उरणार नाही. यंदा एखादा छोटा अभ्यासक्रम, तोही रजा घेऊन. मोडीसाठी राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचे प्रशिक्षण वर्ग होतात, त्यांची जाहिरात बघत राहा. पुण्यात पेशवे दप्तर आणि 1910 मध्ये स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, शिवाय पणजीचं गोवा अभिलेखागार, ज्याची सुरुवात 1595 ची. यांपैकी जवळचं निवडा, आधी पत्र लिहा आणि दोन दिवस बसून या. वाचक म्हणून जा, पण बघायचं ते वेगळं: रुमालाला आकडा कसा दिला आहे, मागणीची चिठ्ठी कशी फिरते, कागद परत आला की कोण मोजतं. डिजिटल जतनासाठी डिजिटल प्रिझर्वेशन कोअॅलिशनची मोफत पुस्तिका इंटरनेटवर आहे, इंग्रजी सोपं आहे.

हातून चुकण्याच्या भीतीवर एक उपाय आहे. जे उलटवता येतं ते निर्धास्त करा: यादी, पेन्सिलीचा आकडा, प्रत काढणं, फोटो. जे उलटवता येत नाही, म्हणजे डिंक, धुणं, कापणं, फेकणं, त्याला जाणत्या माणसाला विचारल्याखेरीज हात लावू नका. फाटलेलं पान चिकटवायची गरजच नाही, दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवलं तरी ते थांबतं.

पुढच्या सभेत कार्यवाहांशी वाद घालू नका, ठरावाचा मसुदाच लिहून न्या. त्यात एवढं असावं: "माडीवरील सामग्रीची यादी 3 महिन्यांत पूर्ण करावी. देणगीतून प्रथम छपराची दुरुस्ती, दोन कपाटे आणि तीन साठवण-प्रतींचा खर्च करावा, स्कॅनर किंवा कॅमेरा उरलेल्या रकमेतून घ्यावा. सामग्री 1 सीडी-फ्लॉपी, 2 कॅसेट, 3 स्थानिक साप्ताहिक, 4 इतिवृत्ते, 5 मोडी दप्तर या क्रमाने घ्यावी. यादीतील कोणतीही वस्तू, तिची डिजिटल प्रत झाली असली तरी, सर्वसाधारण सभेच्या स्वतंत्र मंजुरीशिवाय निर्लेखित करू नये, म्हणजे संग्रहातून काढून टाकू नये." यादी तयार झाली की तिची एक छापील प्रत देणगीदारांना सहीनिशी द्या, आणि मोडी रुमाल देणाऱ्या घराण्यालाही एक.